संगणकातील बिनभाड्याची बिऱ्हाडे

ऑक्टोबर २०२५च्या मध्यास अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने संगणकविश्वात दोन घटना घडल्या. १४ ऑक्टोबर रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या दहा वर्षे वापरात असलेल्या कार्यप्रणालीला दिला जाणारा नियमित पाठिंबा थांबवला आणि जुन्या संगणकांच्या मालकांना ‘विंडोज ११’कडे वळण्यास भाग पाडले. १६ ऑक्टोबर रोजी ‘आरओजी एक्सबॉक्स अॅली’ हा हातात धरून खेळण्याचा छोटेखानी संगणक बाजारात आला. त्यात विंडोज ११च आहे. पण यंत्र सुरू होताना नेहमीचा डेस्कटॉप आणि त्याच्या दिमतीला असणारे अनेक प्रोग्रॅम त्यात उघडलेच जात नाहीत. त्यामुळे खेळासाठी दोन जीबीपर्यंत मेमरी मोकळी होते, असे कंपनीनेच जाहीर केले.

या घोषणेत एक कबुली दडलेली आहे. खेळासाठी दोन जीबी मोकळी करता येत असेल, तर एरवी ती खेळाला निरुपयोगी असलेल्या कामांत अडकून पडते, हे उघड आहे. ‘खेळ सुरू करण्यापूर्वी नको असलेले प्रोग्रॅम बंद करा’ हा सल्ला संगणकावर खेळणारी मंडळी एकमेकांना पंचवीसेक वर्षे देत आली आहेत. पोरांचा नाद म्हणून त्याकडे पाहिले गेले. आता कार्यप्रणालीच्या निर्मात्यानेच तो सल्ला अमलात आणला आहे. मग जे एका नव्या, महागड्या यंत्रासाठी करता येते, ते घरोघरच्या संगणकांसाठी इतकी वर्षे का झाले नाही, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

प्रथम या सल्ल्यात तथ्य किती, हे पाहायला हवे. संगणकावरील खेळातील हालचाल म्हणजे चित्रपटाप्रमाणेच एकामागून एक झळकणारी चित्रे. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर प्रत्येक चित्र तयार करण्यास यंत्राला जेमतेम १६.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रॅमने प्रोसेसर, मेमरी वा डिस्क अडवली, तर चित्र उशिरा येते आणि खेळणाऱ्याला झटका जाणवतो. हा झटका सरासरीत दिसत नाही. सेकंदाला सरासरी साठ चित्रे दाखवणारे यंत्रही नेमक्या मोक्याच्या क्षणी अडखळू शकते.

तथापि, पडद्याआडचा प्रत्येक प्रोग्रॅम सारखाच दोषी नसतो. स्वस्थ बसलेला प्रोग्रॅम प्रोसेसरचा वेळ जवळपास खात नाही. सहा-आठ गाभ्यांचा प्रोसेसर आणि १६ वा ३२ जीबी मेमरी असलेल्या संगणकावर असे दहा प्रोग्रॅम बंद केले, तरी सरासरी वेगात फारसा फरक पडत नाही. खरी अडचण होते ती आठ जीबी मेमरीच्या साध्या लॅपटॉपवर. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या अशा लॅपटॉपमध्ये चित्रनिर्मितीसाठी लागणारी मेमरीही याच आठ जीबीतून उचलली जाते. उरलेल्या जागेत कार्यप्रणाली, वीस पाने उघडलेला ब्राउझर आणि खेळ यांना दाटीवाटीने राहावे लागते. जागा संपली की कार्यप्रणाली मेमरीतील मजकूर डिस्कवर हलवू लागते. उत्तम प्रतीची डिस्कही मेमरीच्या मानाने कितीतरी पट संथ असते आणि खेळ तिथेच अडखळतो. म्हणजे या उपायाचा सर्वाधिक लाभ ज्याच्याकडे सर्वांत कमी साधने आहेत त्यालाच होतो.

ही दाटी एका दिवसात झालेली नाही. २००१ साली आलेल्या ‘विंडोज एक्सपी’ची किमान गरज ६४ एमबी मेमरीची होती. ‘विंडोज ११’ची किमान गरज चार जीबी, म्हणजे त्याच्या ६४ पट आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींसाठी मे २०२४ मध्ये घोषित झालेल्या ‘कोपायलट प्लस’ संगणकांना तर किमान १६ जीबी लागते. या वाढीतील काही भाग सुरक्षिततेसाठी आणि नव्या सोयींसाठी आवश्यक होता, हे मान्य करायला हवे. पण उरलेला भाग ओसरीवर जागा मिळताच हातपाय पसरणाऱ्या पाहुण्यांचा आहे. छपाईयंत्राचा मदतनीस, बैठकांचे सॉफ्टवेअर, फायली परस्पर दूरच्या सर्व्हरवर पाठवणारी सेवा, खेळ विकणाऱ्या तीन-चार दुकानांचे तीन-चार प्रोग्रॅम, असे सारेजण संगणक सुरू होताच हजेरी लावतात. प्रत्येकाला आपले सॉफ्टवेअर क्षणार्धात उघडायला हवे असते आणि त्या तत्परतेचे भाडे संगणकाचा मालक भरतो.

हे भाडे आता अक्षरशः महागले आहे. २०२५च्या उत्तरार्धापासून मेमरीच्या किमती जगभर झपाट्याने चढल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड डेटा सेंटर्सना लागणाऱ्या मेमरीत नफा अधिक असल्याने उत्पादकांनी आपली क्षमता तिकडे वळवली. ‘मायक्रॉन’ने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी, सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा व्यवसायच आवरता घेण्याचे जाहीर केले. ‘मेमरी कमी पडते? मग आणखी एक पट्टी टाका’ हे उत्तर लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात आजवर सहज मिळत असे. ते उत्तर महागल्यावर आहे त्या मेमरीचा विनियोग कोण आणि कशासाठी करतो, या प्रश्नाला धार येते.

मात्र बंद करण्याच्या उत्साहालाही मर्यादा हवी. संगणकाची गती एका टिचकीसरशी वाढवून देण्याचे आश्वासन देणारे ‘बूस्टर’ बाजारात पुष्कळ आहेत. त्यांपैकी बहुतेक स्वतःच पडद्याआड चालत राहतात. त्याहून गंभीर बाब म्हणजे, नेमके काय बंद करतो आहोत हे न समजता कार्यप्रणालीच्या सेवा, विषाणूरोधक वा सुरक्षेची अद्ययावत भर बंद करणारे वापरकर्ते रोगापेक्षा औषध भयंकर करून ठेवतात. खुद्द मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ मध्ये, खेळताना गती हवी असल्यास विंडोज ११मधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे संरक्षण तात्पुरते बंद करण्याचा पर्याय सुचवला होता. पण खेळ संपताच ते पुन्हा सुरू करावे आणि मधल्या काळात यंत्र असुरक्षित राहू शकते, असेही बजावले होते. पुन्हा सुरू करण्याचे लक्षात ठेवणारे किती, हा प्रश्नच आहे.

दुसरी विसंगती खुद्द खेळांच्या निर्मात्यांची. ‘रायट गेम्स’ने २०२० साली ‘व्हॅलोरंट’ हा खेळ आणला, तेव्हा लबाडी रोखण्यासाठी ‘व्हॅनगार्ड’ नावाचा पहारेकरीही आणला. तो कार्यप्रणालीच्या गाभ्यात बसतो आणि खेळ उघडण्यापूर्वीच, संगणक सुरू होताच जागा होतो. तो बंद केला तर यंत्र पुन्हा सुरू केल्याखेरीज खेळता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘बॅटलफिल्ड ६’ने ‘सिक्युअर बूट’ची व्यवस्था चालू असण्याची अट घातली. लबाडीमुळे प्रामाणिक खेळाडूंचे नुकसान होते, हे खरे. परंतु ज्याने इतरांचे प्रोग्रॅम आवरावेत म्हणून खेळणारा धडपडतो, तो खेळच स्वतःचे कायमचे बिऱ्हाड थाटतो, हेही तितकेच खरे.

गाभ्यात बसलेल्या अशा प्रोग्रॅमचे मोल काय असू शकते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. त्याआधी २००५ साली ‘सोनी बीएमजी’च्या गाण्यांच्या सीडी संगणकात घालताच एक छुपा प्रोग्रॅम बसत असल्याचे उघडकीस आले होते. कॉपी रोखण्याच्या नावाखाली बसवलेल्या त्या प्रोग्रॅमने संगणकाची सुरक्षाच पोखरली आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार होता. पडद्याआड काय चालले आहे हे जाणण्याची आणि ते थांबवण्याची सोय खेळाच्या वेगापुरती मर्यादित नाही, हा या दोन घटनांचा धडा आहे.

बाजाराने या कोंडीवर एक उत्तर शोधले आहे. ‘व्हॉल्व्ह’ कंपनीच्या ‘स्टीमओएस’ या लिनक्सवर आधारलेल्या कार्यप्रणालीत खेळासाठी लागेल तेवढाच पसारा मांडला जातो. ‘लेनोव्हो लीजन गो एस’ हा हातातला संगणक २०२५ मध्ये विंडोज आणि स्टीमओएस अशा दोन्ही रूपांत उपलब्ध झाला. एकाच यंत्रावरील स्वतंत्र चाचण्यांत बहुतेक खेळ स्टीमओएसवर अधिक वेगाने चालल्याचे आढळले. त्यात ग्राफिक्स ड्रायव्हरचाही वाटा आहे, सारे श्रेय हलक्या पसाऱ्याला देता येणार नाही. आणि पहारेकरी लागणारे अनेक लोकप्रिय खेळ तिथे चालतच नाहीत. तरीही विंडोजला आपला पसारा आवरावासा वाटला, तो स्पर्धक दारात उभा राहिल्यावर. ग्राहकांची वर्षानुवर्षांची तक्रार त्यासाठी पुरेशी ठरली नव्हती.

जिथे स्पर्धा पुरत नाही, तिथे कायद्याची गरज भासते. युरोपीय संघाचा ‘डिजिटल मार्केट्स अॅक्ट’ बड्या कंपन्यांना मार्च २०२४ पासून बंधनकारक झाला. त्यामुळे तेथील विंडोज वापरकर्त्यांना ‘एज’ ब्राउझर आणि ‘बिंग’चा शोध काढून टाकण्याची अधिकृत मुभा मिळाली. ती मुभा युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरतीच ठेवण्यात आली. म्हणजे अडचण तांत्रिक नव्हतीच. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये, अँड्रॉइड फोनच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना, आधीच भरून दिलेले अॅप काढून टाकण्यास मज्जाव करू नये, असा आदेश दिला होता. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण नेमका हा आदेश रद्द केला. मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिजिटल स्पर्धा विधेयकाच्या मसुद्यात एका उत्पादनाच्या गळ्यात दुसरे बांधण्याला आळा घालणारी तरतूद होती. परंतु २०२५ अखेरपर्यंत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नव्हते.

तोवर सामान्य वापरकर्त्याच्या हाती जे आहे, ते थोडे असले तरी निरुपयोगी नाही. ‘टास्क मॅनेजर’मध्ये संगणकाबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी मिळते, त्यातील ओळखीचे आणि अनावश्यक तेवढे बंद करावेत. खेळण्यापूर्वी ब्राउझर मिटावा, फायली पाठवणारी सेवा थोपवावी, पडद्याआड चालणारे चित्रमुद्रण बंद करावे. विंडोजमध्ये एप्रिल २०१७ पासून असलेला ‘गेम मोड’ चालू ठेवावा. खेळ चालू असताना ड्रायव्हर बसवण्याचे काम तो थोपवून धरतो. नावावरून उलगडा होत नाही अशा सेवेला आणि विषाणूरोधकाला हात लावू नये. आठ जीबीच्या लॅपटॉपवर एवढ्यानेही झटके कमी होतात.

परंतु दर वेळी झाडू हाती घेण्याची जबाबदारी घरमालकावर टाकून हा प्रश्न सुटणार नाही. ‘अॅली’ने दाखवून दिले आहे की, कमी पसाऱ्याची विंडोज शक्य आहे, युरोपने दाखवून दिले आहे की, नको ते काढून टाकण्याची मुभा देता येते. आठ जीबीच्या लॅपटॉपसाठी पदरचे पैसे मोजणाऱ्या भारतीय ग्राहकाला या दोन्ही गोष्टी का मिळू नयेत, याचे उत्तर कंपन्यांनी आणि धोरणकर्त्यांनी द्यायचे आहे.