भिंतीवरील 'आपण'

गेल्या महिन्यात घरभेटी करीत असता कोळार औद्योगिक वसाहतीच्या कडेला राहणाऱ्या एका कुटुंबात आम्ही गेलो. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी एक नवेच चित्र टांगलेले होते. डोक्यास पांढऱ्या ठिपक्यांचा तांबडा रुमाल बांधलेली, निळ्या सदऱ्याची बाही सारून दंड दाखविणारी एक गोरी तरुणी. घरातील थोरला मुलगा वसाहतीतील एका कारखान्यात कामाला आहे. त्याने ते बाजारातून आणले होते. आजीबाईंनी आम्हांस विचारले, "फादर, ही बाई भाकऱ्या थापावयास बसली आहे की भांडावयास उठली आहे?"

आजीबाईंचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हे. हे चित्र अमेरिकेतील जे. हॉवर्ड मिलर नामक चित्रकाराने वेस्टिंगहाउस कंपनीसाठी काढले व फेब्रुवारी १९४३ मध्ये, दुसरे महायुद्ध ऐन भरात असता, ते तिच्या कारखान्यांत अवघे दोन आठवडे लावले गेले. तेथील स्त्रिया सैनिकांच्या शिरस्त्राणांचे आतील अस्तर बनवीत असत. बाईच्या डोक्यावर लिहिलेल्या शब्दांचा आशय इतकाच, की आपण हे करू शकतो. पुढे चित्र उतरविले गेले आणि चाळीसेक वर्षे त्याची कोणास आठवणही राहिली नाही. १९८० नंतर ते पुन्हा वर आले, ते मात्र स्त्रीशक्तीची निशाणी म्हणून. ज्यांनी ते छापविले त्यांच्या मनात काम चुकू नये, गैरहजेरी व संप होऊ नयेत, ही चिंता होती. त्याच चित्रकाराच्या दुसऱ्या एका फलकावर, कामाविषयी शंका असेल तर वरिष्ठांस विचारा, असा उपदेश होता. युद्ध संपल्यावर त्या देशातील असंख्य स्त्रियांना कारखान्यातून घरी पाठविण्यात आले. त्या वेळी भिंतीवर कोणते चित्र लावले होते, हे कोणी सांगत नाही.

त्याच वर्षी, २९ मे रोजी, 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' ह्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर नॉर्मन रॉकवेलची कामगार स्त्री झळकली. मांडीवर रिव्हेट ठोकण्याचे यंत्र, हातात जेवणाचा पाव, पायाखाली हिटलरचे पुस्तक. तिची बैठक रॉकवेलने रोममधील सिस्टाईन चॅपेलच्या छतावरून उचलली; मायकेलएंजेलोने तेथे रंगविलेला यशया संदेष्टा नेमका तसाच बसलेला आहे. कारखान्यातील बाईस संदेष्ट्याच्या आसनावर बसविण्याची ही कल्पना आम्हांस मनापासून आवडते. चित्रासाठी बसलेली मुलगी मात्र एकोणीस वर्षांची, सडपातळ व टेलिफोन जोडून देणारी होती. तिला एवढी धिप्पाड रंगविल्याबद्दल रॉकवेलने पुढे तिची क्षमा मागितली.

हे सारे दूरदेशचे असे वाचकांनी समजू नये. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद ह्यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. १९४३ मध्ये तो अमेरिकन हवाईदलाच्या हाती जाऊन तेथे युद्धातील विमानांची दुरुस्ती होऊ लागली. ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन ह्यांच्या योजनेने १९४१ पासून हिंदी तरुण कारागीर तिकडील कारखान्यांत शिकावयास गेले; त्यांना 'बेव्हिन बॉइज' म्हणत. ज्या देशाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न लोंबकळत ठेवला होता, त्याच देशाच्या मुलांनी साम्राज्यासाठी एकजुटीने घाम गाळावा, ही अपेक्षा. हा 'आपण' कोणाचा?

येथे मराठी भाषा आपल्या मदतीस येते. इंग्रजीत एकच शब्द आहे, मराठीत दोन. 'आम्ही करू' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण करू' म्हटले की तो आत येतो. (हे सदर आम्ही 'आम्ही' म्हणून लिहितो, ह्याची वाचकांनी थट्टा करावी, ती रास्तच होईल.) कारखान्याच्या फलकावर 'आपण' लिहिण्यास रंगाचा खर्च तेवढा येतो. ठेकेदाराच्या वहीतील रोजंदारीचा पोरगा त्या 'आपण'मध्ये आहे किंवा नाही, हे फलकावरून कळत नाही.

त्या घरातील मुलास हे गेल्या पावसाळ्यात कळले. दाहक सोड्याचे द्रावण ओतीत असता ते त्याच्या मनगटावर उडाले. भिंतीवर सूचना होती, परंतु इंग्रजीत. आणि हा सातवीपर्यंत मराठी शिकलेला. त्याने हात फडक्याने पुसावयास घेतला. शेजारच्या यंत्रावरील बिदरचा एक फिटर, ज्याची भाषा दखनी, धावत आला, फडके हिसकावून घेतले व त्याचा हात वीस मिनिटे नळाखाली धरून ठेवला. "सोडा, सोडा," असे हा ओरडत होता. फिटरला वाटले, तो सोड्याचेच नाव घेत आहे, म्हणून त्याने पकड अधिकच घट्ट केली. मनगटावर आता वाटीएवढा डाग आहे; हात शाबूत आहे. ठेकेदाराने त्या दिवसाची अर्धी मजुरी कापली. कारखान्याचे नाव आम्ही येथे देत नाही.

हे आम्ही ऐकले ते त्या चित्राखाली बसूनच. मग मुलाने खाटेखालून पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा काढला. त्याने व फिटरने मिळून त्यावर ती सूचना मराठीत, कन्नडमध्ये व उर्दूत लिहिली होती; तेलुगूची जागा रिकामी होती, लिहिणारा रजेवरून यावयाचा होता. अक्षर ओबडधोबड, पण दुरून वाचता येईल असे. पाळीच्या मुकादमाने ती पाटी नळाजवळ लावू देण्याचे कबूल केले होते. मराठीतील दोन ऱ्हस्व-दीर्घ आम्ही सुधारून दिले.

आजीबाईंनी पाटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारले, "ह्यावर बाई नाही काढली ती?"