श्रमिकांचा थकवा आणि चूर्णाचा बाजार

वेण्णा नदीच्या काठी वसलेले मेढा हे जावळी तालुक्याचे ठाणे. या डोंगराळ मुलखाने मुंबईच्या मशीद बंदरला आणि पुढे वाशीच्या घाऊक बाजाराला पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर ओझे वाहणारी माणसे पुरविली. १९६९ सालचा माथाडी कायदा ज्या श्रमिकांच्या लढ्यातून साकार झाला, त्यांत जावळी-पाटणच्या खोऱ्यांतील माणसांचा वाटा मोठा होता. अशा माणसाची कंबर अकाली वाकते, अन्नावरची वासना उडते, अंगातले बळ ओसरते. त्याच्या या थकव्यावर आता बाजाराची नजर गेली आहे. ‘यकृत शुद्ध करणारा’ काढा आणि ‘दम वाढविणारे’ अश्वगंधा-मुसळीचे चूर्ण मोबाइलवरील जाहिरातींतून वाडीवस्तीपर्यंत पोचत आहे.

येथे आयुर्वेदाची टवाळी करण्याचा प्रश्न नाही. हिरडा, बेहडा, गुळवेल ही सह्याद्रीच्या माणसाची जुनी ओळखीची. डॉक्टर कोसोदूर होता तेव्हा गरिबाला त्यांचाच आधार होता. परंतु झाडावर चढलेली वेल ओळखणे वेगळे आणि डबीतील भुकटी ओळखणे वेगळे. ती भुकटी कोणी तपासली आणि अपाय झाल्यास जबाबदार कोण, हा खरा प्रश्न आहे.

तो काल्पनिक नाही. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्तीसाठी घरोघर गुळवेल घेतली गेली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत यकृताला इजा झालेले ६ रुग्ण डॉक्टरांना आढळले. त्या सर्वांनी गुळवेल घेतली होती. २०२२ साली देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा असाच अहवाल प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने गुळवेल निर्धोक असल्याचा निर्वाळा दिला आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल अपायकारक ठरू शकते, असे बजावले. हे म्हणणे मान्य केले, तर प्रश्न अधिकच गंभीर होतो. ती दुसरी वेल पुडीत शिरली, तर मेढ्याच्या हमालाने ती ओळखावी कशी?

शासनाचे धोरण मात्र उलट्या दिशेचे आहे. रोग बरे करण्याच्या भूलथापांना आळा घालणारा कायदा १९५४ पासून आहे. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी सक्तीची करणारा नियम २०१८ साली झाला. जुलै २०२४ मध्ये केंद्राने तोच काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयाने दिलेली स्थगितीही ऑगस्ट २०२५ मध्ये उठली. शिवाय अशी पुष्कळ चूर्णे औषध म्हणून नव्हे, तर ‘पूरक अन्न’ म्हणून विकली जातात. नाव अन्नाचे, आशा औषधाची आणि नफा उत्पादकाचा!

चूर्णाने गुण आला, असे सांगणारे भेटतात. परंतु बहुधा त्याच महिन्यात दारू सुटलेली असते, जेवण वेळेवर झालेले असते. श्रेय मात्र डबीला मिळते. यकृत बिघडते ते दारूने, दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीने, रक्तावाटे पसरणाऱ्या काविळीने. दम उतरतो तो अपुऱ्या अन्नाने, अंगात रक्त कमी असल्याने आणि विश्रांतीविना केलेल्या श्रमाने. यांतील एकाही कारणावर चूर्ण हा इलाज नाही. उलट, जो प्रश्न वेतनाचा, पाणीपुरवठ्याचा आणि सरकारी दवाखान्याचा, तो चूर्ण खाजगी करून टाकते. श्रमिकाने बाजारात आपले बळ विकावे आणि त्याच बाजारातून ते पुडीत विकत आणावे, असा हा व्यवहार आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. ग्रामीण रुग्णालयात यकृताची रक्ततपासणी विनामूल्य व नियमित व्हावी. बाजारातील चूर्णांचे नमुने तपासून निष्कर्ष मराठीत जाहीर व्हावेत. नळाचे पाणी शुद्ध असल्याची जबाबदारी नावानिशी निश्चित व्हावी. आणि कावीळ झालेल्या माणसाला चूर्णाच्या भरवशावर न ठेवता दवाखान्यात पोचविणे, हे काम तर कोणत्याही मागणीची वाट न पाहता आजच करता येईल.

याच जावळी तालुक्यातील स्त्रियांनी ‘आडव्या बाटली’ला मते देऊन दारूची दुकाने बंद पाडली आहेत. यकृताचे इतके गुणकारी औषध कोणत्याही कारखान्यात तयार झालेले नाही. ते संघटनेतून तयार झाले आणि त्यासाठी गरिबाच्या खिशातला एक पैसाही खर्ची पडला नाही.