नवें दुखणें

मीरा-भाईंदरच्या कित्येक घरांना परळची वाट आतां पाठ झाली आहे. १९४१ सालीं तेथें उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत वडिलांना किंवा मातोश्रींना केमोथेरपीसाठीं न्यावयाचें, सायंकाळीं लोकलनें परत आणावयाचें, आणि पुढची तारीख येईपर्यंतचे दिवस घरीं काढावयाचे. ह्याच दिवसांत एखाद्या रात्रीं नवी कळ उठते, आणि "पसरला तर नसेल?" हा एकच प्रश्न सर्वांच्या मनांत येतो. तो उच्चारण्याचें धैर्य मात्र कोणासच होत नाहीं.

वाचकहो, प्रत्येक नवी कळ रोगाचीच असते असें नाहीं. पुष्कळदां ती औषधाची असते. पॅक्लिटॅक्सेल दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं सांधे व स्नायू ठणकूं लागतात आणि बहुधा आठवड्याभरांत शमतात. पांढऱ्या पेशी वाढाव्या म्हणून फिलग्रास्टिमचें इंजेक्शन देतात. त्यानें हाडांतील मज्जा जोमानें कामास लागते व कंबर, मांड्या आंतून दुखतात. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर थंड वस्तूस हात लावतांच बोटांना झिणझिण्या येतात. तेव्हां सासूबाईंना कांहीं दिवस फ्रिज उघडावयास लावूं नये, हें सूनबाईंनीं ध्यानांत ठेवावें.

निदान मात्र डॉक्टरांवर सोपवावें. घरानें वही ठेवावी : औषध दिल्यापासून कितव्या दिवशीं, कोठें, केव्हां वाढलें, कशानें उतरलें. कांहीं लक्षणांना तर वहीही पुरत नाहीं. ताप १००.४ अंशांवर गेला, पाठदुखीबरोबर पाय लुळे पडूं लागले वा लघवी अडली, एकच पोटरी सुजली, छातींत दुखूं लागलें, तर सकाळची वाट न पाहतां त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. ताप मोजल्यावांचून क्रोसिनही देऊं नये. खूण झांकली जाते.

आमच्या मतें खरी अडचण वेगळीच आहे. मुलाची रजा जाईल, सून आधींच दमली आहे, ह्या विचारानें वडील माणसें बोलतच नाहींत. "बरें आहे ना?" ह्या प्रश्नास "बरें आहे" हेंच उत्तर येणार! त्यापेक्षां "आई, काल जिना चढतांना कठडा कां धरलास?" असें विचारून पाहावें.

आणखी एक. डॉक्टरांनीं मॉर्फीन लिहून दिलें म्हणजे अखेर आली, असें समजून तें कपाटांत दडवणारीं घरें आहेत. कळ तीव्र असल्यास तें उपचार चालू असतांनाही देतात. वेदनाशमनार्थ तें मिळणें सुकर व्हावें म्हणून २०१४ सालीं अमली पदार्थांच्या कायद्यांत दुरुस्तीही झाली. त्याबरोबर बद्धकोष्ठाचें औषध मात्र आठवणीनें मागून घ्यावें.