‘कुत्र्याला काय होतंय?’ म्हणणाऱ्यांना जाहीर सवाल

देवणीकरांनो, शिवारातल्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

देवणी वळूमुळे आपल्या गावाचं नाव देशभर झालं. सरकी किती, कडबा किती, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. बैल कोवळ्या ज्वारीत शिरला की हातातलं काम टाकून आपण धावतो, कारण ते हिरवं धाट जनावराचा जीव घेतं. त्याच आखाड्यावर रात्रभर राखण करणाऱ्या कुत्र्यापुढे मात्र उरलंसुरलं सगळं ओततो. कुणी हटकलं की उत्तर तयार: "कुत्र्याला काय होतंय?"

होतंय! कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवा, तळा, वाटा, विष जात नाही. वजनाच्या दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा बास होतो. लसूण त्याहून जहाल. खरी गोम पुढे आहे. त्या दिवशी कुत्रं ठणठणीत असतं. दोन-चार दिवसांनी सुस्तावतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी तांबूस होते. तोवर आपण कालवण विसरलेलो असतो आणि "काहीतरी चावलं असंल" म्हणून मोकळे होतो. आपल्या लसणाचं पाप बिचाऱ्या सापाच्या माथी!

द्राक्षं-मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात. 2021 पासून अमेरिकेतल्या पशुवैद्यांचा दाट संशय त्यातल्या टार्टारिक आम्लावर आहे. तेच आम्ल आपल्या चिंचेत ठासून भरलेलं असतं. आता येळवशीची भज्जी आठवा: चिंचेचा कोळ, लसणाची पात. शेजारी लसूण घातलेली आंबील. माणसांनी पोटभर खावी, पाहुण्यांना आग्रह करावा. पातेल्याच्या तळाशी उरलेली कुत्र्यापुढे ओतून त्याला भूतदया म्हणू नये. खरकटं टाकायची ती सोय आहे, पुण्य नव्हे.

कंदुरीच्या पंगतीमागे फेकलेल्या शिजलेल्या हाडकाचे टोकदार तुकडे होतात आणि आतडं फाडतात. वाढदिवसवाल्यांनी चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगमही कुत्र्यापासून लांब ठेवावं.

मटणात मुद्दाम थिमेट कालवणाऱ्यांशी आमचा वाद नाही, त्यांना कायदाच सांगतो. त्यातलं फोरेट 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे. जनावराला विष घालणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

येळवशीला शेतात निघताना कुत्र्याची कोरी भाकरी वेगळी बांधून घ्या. चुकून नको ते खाल्लंच, तर उलटीसाठी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानेही कुत्रं दगावतं. लक्षणांची वाट न बघता 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन लावा किंवा थेट जनावरांचा दवाखाना गाठा. काय खाल्लं, किती आणि कधी, ते न लाजता डॉक्टरांना सांगा.