दोनशे रुपयांची कपात

कर्जमाफीचा विषय निघाला की शहरी घरांत एक वाक्य हमखास कानावर येतं : कर आम्ही भरायचा आणि माफी त्यांना. गावाकडचं उत्तरही तयार असतं : आम्ही पिकवलं नाही तर खाल काय? दोन्ही वाक्यं रागातून येतात आणि रागाला कारणंही आहेत. तरीही दोन्ही खोटी आहेत, आणि त्या खोटेपणाची किंमत दोन्हीकडची गरीब माणसं मोजतात.

आधी कराचं पाहू. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरं. शेतकरी कर भरत नाही, हे मात्र साफ चूक. खतावर, फवारणीच्या औषधावर, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांवर जीएसटी आहे. डिझेलवर केंद्राचा कर आहे, राज्याचाही आहे. कारखानदार आपण भरलेला जीएसटी पुढच्या विक्रीत वळता करून घेतो. ताज्या शेतमालावर जीएसटीच नसल्यामुळे शेतकऱ्याला ती सोय नाही. भरलेला कर त्याच्या उत्पादनखर्चात मुरून जातो. आणि त्याच्यावरचा सगळ्यात जड कर तर कुठल्याच पावतीवर दिसत नाही.

तो पाहायचा असेल तर नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या कांदाचाळीत जावं. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. तो चाळीत भरून ठेवायचा आणि पावसाळा संपेपर्यंत भावाची वाट पाहायची, हा तिथला हिशोब. या महिन्यांत वजन घटतं, काजळी धरते, कोंब फुटतात. बायका चाळीत बसून सडका कांदा निवडून बाहेर काढतात. हात घातला की कुठला मऊ लागतो ते त्यांना न बघता कळतं. ही सगळी जोखीम शेतकऱ्याची. भाव पडला तर तोटा त्याचा. आणि भाव चढला की सरकार जागं होतं. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. नाशिकच्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पाडले गेले, भाव कोसळले. बंदी उठली ४ मे २०२४ ला, लोकसभेची निवडणूक चालू असताना, तीही शुल्क कायम ठेवून. शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ रोजी. पडलेल्या भावातला फरक हा शेतकऱ्याने भरलेला करच आहे. फक्त तो तिजोरीत न जाता थेट ग्राहकाच्या पिशवीत पडला, म्हणून त्याची नोंद कुठे झाली नाही.

यावर शहरातून एक प्रामाणिक हरकत येते, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. महिन्याला पाच किलो कांदा लागणारं घर धरा. किलोमागे तीस रुपये वाढले तर दीडशे रुपये जास्त लागतात. पगारदार घराला ते जाणवणारही नाहीत. नाक्यावर रोजंदारीची वाट पाहणाऱ्याला जाणवतात. मग त्या माणसाला सरकारने रेशनवर कांदा द्यावा, दीडशे रुपयेही द्यावेत. त्याच्या नावाखाली सगळ्या शहराला स्वस्त कांदा देणं आणि बिल चांदवड-येवल्याच्या शेतकऱ्यावर फाडणं, याला गरिबांची कणव म्हणता येत नाही. पाच एकरवाल्याच्या खिशातून चारचाकीवाल्यालाही सूट मिळते.

आता गावाकडच्या वाक्याकडे वळू. तिथली बाजू घेऊन इतकं लिहिल्यावर हे लिहिणं मला जास्त गरजेचं वाटतं. गाव म्हणजे पोशिंदा आणि शहर म्हणजे बांडगूळ, हे भाषणात टाळ्या घेतं. पण कोकणातली, घाटावरची कितीतरी गावं शंभर वर्षं मुंबईच्या मनीऑर्डरीवर उभी होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे लोक गिरणीत लागले, गाळ्यात पाळीपाळीने झोपले आणि त्यांच्या पैशावर गावात कौलं चढली, धाकट्यांच्या फिया भरल्या गेल्या. हे एकतर्फीही नव्हतं. गिरणीचा पगार एकट्या गड्याच्या पोटापुरता धरलेला असे. बायको, पोरं, म्हातारपण, आजारपण गावाच्या हवाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. त्यांतले असंख्य गावी गेले आणि भावकीच्या शेतावर राबून तगले. मालकाने न दिलेला विमा गावाने भरला. कोण कोणाला पोसत होतं, ते आता कुणी सांगावं?

आणि गाव म्हणजे नेमकं कोण, हेही विचारायला हवं. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत खेड्याच्या गौरवगीतावर कोरडे ओढले, कारण गावकुसाबाहेरून गाव कसं दिसतं हे त्यांना ठाऊक होतं. ज्यांना गावात विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं त्यांना शहरात निदान नळावर रांग लावता आली. गिरणीतही विणकाम खात्याची दारं त्यांना बंदच होती, तेव्हा शहराचेही हात स्वच्छ नव्हते. पण शहरात झगडायला जागा होती. २०२० च्या टाळेबंदीत शहरांनी कष्टकऱ्यांना दोन आठवड्यांचा शिधा दिला नाही, आणि काही गावांनी आपल्याच माणसांसाठी वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या. शेतकरी नेते शरद जोशींचं नाव घेऊन शहराविरुद्ध बोलणारे सोयीने विसरतात की जोशींच्या ‘इंडिया विरुद्ध भारत’ या मांडणीत झोपडपट्टीतला माणूस ‘इंडिया’त मोडत नव्हता. तो ‘भारता’तून आलेला निर्वासित होता.

मग मानायचं काय? महाराष्ट्राने एकदा या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलेलं आहे, आणि आपण ते विसरलो याचं मला मनापासून वाईट वाटतं. बहात्तरच्या दुष्काळात माणसं खडी फोडत होती, सुकडी खाऊन दिवस काढत होती. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात आधी करून पाहिलेली कल्पना त्या काळात राज्याची योजना झाली : मागेल त्याला काम. पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये व्यवसायकर आला. नोकरदारांकडून, व्यावसायिकांकडून तो घ्यायचा आणि जमा होईल तितकीच भर सरकारने घालायची, असं ठरलं. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने कामाला हक्काचं रूप दिलं. या कराचा मोठा वाटा अर्थातच मुंबईचा होता. त्यातून पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, रस्ते झाले. देशाचा रोजगार हमी कायदा २००५ मध्ये आला, तो या पायवाटेने.

आजही पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, अशी वर्षाला अडीच हजारांची ही व्यवसायकराची कपात दिसते. ती कशासाठी सुरू झाली, हे कापून घेणारा सांगत नाही आणि ज्याची कापली जाते तो विचारत नाही. हा कर दया म्हणून दिला नव्हता. दुष्काळात गाव मोडलं तर त्याचा लोंढा आपल्याच फुटपाथवर येणार, हे मुंबईला समजत होतं. स्वार्थ होता, पण उघड होता, कायद्यात लिहिलेला होता, आणि समोरच्या माणसाला हात न पसरता काम मागता येत होतं. गाव आणि शहर यांच्यात मला असाच लेखी व्यवहार हवा आहे. ऋणाच्या भावनेवर माझा भरवसा नाही.

हा लेखी व्यवहार सगळ्यात आधी पाण्यात हवा. मुंबईला रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. विहार आणि तुळशी सोडले तर बाकीचे पाचही तलाव शहराबाहेर आहेत. एकटं भातसा जवळपास निम्मं पाणी देतं. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यात दर उन्हाळ्यात कितीतरी गावपाड्यांना टँकर लागतो, आणि बायका हंडे घेऊन ज्या वाटेने उतरतात तिच्या शेजारून मुंबईची जलवाहिनी जाते. तानसा १८९२ चं. सव्वाशेहून अधिक वर्षांत त्या पाड्यांपर्यंत पुरेसं पाणी चढवणं मुंबईला अशक्य होतं, असं कोणी म्हणू शकेल का? आता वाडा तालुक्यात गारगाई धरणाचं चाललं आहे, म्हणजे आणखी गावं उठणार.

म्हणून माझी मागणी अशी. मुंबईच्या पाणीपट्टीत धरणक्षेत्राचा हिस्सा वेगळा दाखवावा, किती आणि कोणासाठी हे छापून. तो पैसा शहापूर, वाडा, मोखाड्याच्या पाड्यांवरच्या नळयोजनांना कायद्याने बांधलेला असावा आणि खर्चाचा हिशोब तिथल्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. गारगाईचा पहिला दगड त्यानंतर बसवावा. आणि ज्या दिवशी केंद्र कांद्याची निर्यात थांबवेल त्याच दिवशी, आदल्या आठवड्याचा बाजारभाव आणि नवा भाव यांतला फरक, लासलगावसह प्रत्येक बाजार समितीच्या वजनकाट्यावर शेतकऱ्याच्या पट्टीत सरकारच्या नावे लिहिला जावा.