जुन्या घाटाची मोटारसायकल : शोभा कीं चाल ?

सांप्रत आपल्या शहरांतून जुन्या घाटाच्या मोटारसायकलींची हौस फार वाढली आहे. वाटोळा दिवा, थेंबाच्या आकाराची टाकी, चकचकीत सायलेन्सर आणि मागें तिरपे उभे असलेले दोन शॉक-ॲब्सॉर्बर असा थाट पाहून आजोबांना आपलें तरुणपण आठवतें आणि नातवाला अशी गाडी आपल्याही दारीं असावीशी वाटते. ही हौस आम्हांस निंद्य वाटत नाहीं. परंतु गाडी घरीं आल्यावर तीवर जो जास्तीचा पैसा खर्च होतो, तो कोठें जातो हें पाहिलें म्हणजे नवल वाटतें. आरसे बदलतात, बैठक बदलते, क्रोमचे दांडे बसतात, दुसरा सायलेन्सर लावून सगळ्या आळीची झोंप मोडली जाते. आणि जो भाग दर खड्ड्यागणिक बसणाराची पाठ व चाकाची रस्त्यावरील पकड सांभाळतो, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. आमचें मत असें कीं, अशा गाडीवर पहिला अधिक रुपया खर्चावयाचा असेल तर तो तिच्या शॉक-ॲब्सॉर्बरांवर व पुढच्या फोर्कावर खर्चावा. मात्र तोही मोजमाप केल्यावांचून नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, या भागाचें काम प्रथम समजून घेऊं. खड्डा आला कीं चाक वर फेंकलें जातें. तो धक्का स्प्रिंग पोटांत घेते. पण घेतलेलें सारें ती लगोलग परत करते. तिच्या एकटीवर सोंपविलें तर गाडी पाळण्यासारखी हिंदकळत राहील. म्हणून स्प्रिंगच्या आंत तेलानें भरलेली नळी असते. दट्ट्या हालला म्हणजे तेल बारीक छिद्रांतून रेटलें जातें, धक्क्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें निघून जाते आणि गाडी एका झोल्यांत स्थिर होते. वजन पेलणें हें स्प्रिंगचें काम. धक्का जिरविणें हें तेलाचें. आतां स्प्रिंग ग्राहकाला दिसते, तिचा रंगही दिसतो. नळींतील छिद्रें व पडदे कोणास दिसत नाहींत. कारखानदारालाही हिशेब असतो, आणि जेथें नजर पोंचत नाहीं तेथें काटकसर करणें त्याला सोपें जातें. साध्या नळींत तेल व वायु एकाच जागीं राहतात. खराब रस्त्यावर दहा-वीस मैल सतत हादरे बसले कीं त्यांचा फेंस होतो आणि छिद्रांतून तेलाऐवजीं फेंस जाऊं लागला म्हणजे धक्का जिरेनासा होतो. चांगल्या प्रतीच्या नळींत नायट्रोजन वायु दाबून भरतात व तेलापासून निराळा ठेवतात. किंमतींतील मोठा फरक येथें पडतो.

एक उदाहरण घेऊं. रॉयल एन्फील्डची इंटरसेप्टर ६५० ही गाडी २०१८ पासून आपल्याकडे विकली जाते. चेन्नईजवळ होणारी ही गाडी दोनशें किलोहून जड आहे. तिच्या पुढच्या चाकाला वरखालीं होण्यास ११० मिलिमीटर आणि मागच्यास अवघे ८८ मिलिमीटर वाव आहे. या साडेतीन इंचांहूनही कमी जागेंत सडपातळ तरुण एकटा बसला तरी गाडी नीट चालली पाहिजे आणि दोन धष्टपुष्ट माणसें सामानासह बसलीं तरी ती तळाला आपटतां कामा नये. एकच स्प्रिंग या दोघांनाही मानवणें अशक्य. रचनाकारास जड ओझ्याची धास्ती अधिक असते, म्हणून स्प्रिंग कडक ठेवण्याकडे कल होतो; आणि पंचावन्न किलोचा मुलगा प्रत्येक गतिरोधकावर बैठकीवरून उडतो.

हा केवळ सुखसोयीचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पावसाळ्यांत घाट उतरतांना वळणावरच खडी उखडलेली असते, तेव्हां उसळलेलें चाक क्षणभर अधांतरीं राहतें. त्या क्षणीं त्या चाकाला ब्रेकही लागू पडत नाहीं आणि वळणही घेतां येत नाहीं. एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी. वरील नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचें झालें, हें उत्तम झालें. पण एबीएस काय, जें चाक रस्त्याला टेकलें आहे त्याचीच काळजी घेणार. शिवाय मागें कोण बसतें हेंही पाहा. बहुधा आईच बसते. पुढच्या माणसाला हाताशीं हँडल असतें, समोरचा खड्डा दिसतो, तो पायांवर किंचित् उठतो. मागच्या माणसाला यांतलें कांहींच नाहीं आणि त्याची बैठक तर जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर. मणक्याचें दुखणें घेऊन घरोघर बसलेल्या मंडळींना हें निराळें सांगणें नको.

यावर कांहीं शौकीन म्हणतात, "जुन्या घाटाची गाडी दणका देणारच, तो दणका काढला तर जुनेपण राहिलें काय?" हा आक्षेप ऐकावयास गोड, पण इतिहासाला धरून नाहीं. एके काळीं बहुतेक मोटारसायकलींचें मागचें चाक सांगाड्याला घट्ट आवळलेलें असे; स्प्रिंग काय ती खोगिराखालीं. पुढच्या फोर्कांत तेलानें धक्का जिरविण्याची सोय जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनें १९३५ सालच्या आर-१२ या गाडींत आणली. आणि ज्या बुलेटच्या नांवानें आपल्याकडे हें सर्व वेड आहे, त्या ३५० सी. सी. बुलेटचे पहिले नमुने १९४८ सालीं इंग्लंडांत लोकांपुढें आले, ते मुळीं झुलत्या भुजेवर बसविलेलें मागचें चाक घेऊनच. त्याच वर्षीं इटलींतील सान रेमो येथें आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची कसोटी झाली. तींत विजयी झालेल्या ब्रिटिश संघांत दोन बुलेट होत्या आणि दोघांही स्वारांस सुवर्णपदक मिळालें. पुढें १९५५ सालीं मद्रासेंत एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली व ही गाडी आपली झाली. तेव्हां ज्यानें आपल्या गाडीची चाल सुधारली त्यानें जुनेपण मोडलें असें नव्हे. टाकीवरच्या सोनेरी रेघांपेक्षां तोच त्या जुन्या गाडीच्या अधिक जवळ गेला.

आतां मोजमापाची गोष्ट. हें काम घरच्या अंगणांत होतें आणि त्याला तीन माणसें व एक टेप लागतो. त्याआधीं चाकांतील हवा पुस्तिकेंत दिल्याइतकी आहे ना तें पाहावें, कारण पुष्कळदां सारा दोष जास्त भरलेल्या हवेचाच निघतो. नंतर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचें चाक मोकळें लोंबूं द्यावें. आंसापासून सरळ वर बैठकीखालच्या एखाद्या ठरीव खुणेपर्यंतचें अंतर मोजावें. मग गाडी स्टँडवरून उतरवून नेहमींच्या माणसानें नेहमींच्या कपड्यांत व हेल्मेट घालून बसावें, दुसऱ्यानें गाडी तोलून धरावी आणि तिसऱ्यानें तेंच अंतर पुन्हां मोजावें. दोहोंतील फरक म्हणजे माणसाच्या वजनासह गाडी बसली तें माप. साध्या रस्त्यावरील वापरास तें एकूण वावाच्या पावापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असावें. वरील गाडींत मागें सुमारें २२ ते २९ आणि पुढें सुमारें २८ ते ३७ मिलिमीटर झालें.

माप जुळत नसेल तर शॉक-ॲब्सॉर्बरच्या बुडाशीं असलेलें पायऱ्यांचें कडें पान्यानें फिरवावें. याला प्रीलोड म्हणतात. याविषयीं एक गैरसमज फार पसरला आहे, कीं कडें चढविलें म्हणजे स्प्रिंग कडक होते. तसें नाहीं, स्प्रिंग तीच राहते, गाडी फक्त उंच उभी राहते. म्हणून कडें सर्वांत खालच्या पायरीवर असूनही गाडी पुरेशी बसत नसेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला भारी आहे, आणि सर्वांत वरच्या पायरीवरही ती फार बसत असेल तर स्प्रिंग हलकी आहे, असें समजावें. नवी जोडी घेण्याचें खरें कारण येथें हातीं लागतें. दुसरी परीक्षा तेलाची : बैठक जोरानें दाबून सोडावी; गाडी एकदां वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदां मान डोलावली तर धक्का जिरविण्याची शक्ति संपली.

पुढच्या फोर्काचा विसर सर्वांनाच पडतो. साध्या फोर्कांत छिद्राचें माप कायमचें ठरलेलें असतें, आणि तेलाचा विरोध वेगाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. परिणामी ब्रेक दाबतांना नाक सावकाश बुडतें तेव्हां विरोध अपुरा पडतो, आणि खड्ड्याच्या तीक्ष्ण कडेवर तोच विरोध इतका वाढतो कीं मनगटें झिणझिणतात. फोर्काचें तेल मुदतींत बदलणें व आपल्या वजनाच्या स्प्रिंगा घालणें हा सर्वांत स्वस्त आणि आमच्या मतें सर्वांत गुणकारी उपाय आहे. त्यापुढें इम्युलेटर नांवाची झडप किंवा सगळें कार्ट्रिज घालतां येतें. केवळ मागची महाग जोडी घालून पुढें जुनेंच तेल ठेवणें म्हणजे एक चप्पल नवी व एक फाटकी घालून निघणें होय. तसेंच मागची जोडी मूळच्याच लांबीची घ्यावी. ती लांब असली तर मागची बाजू उंच होऊन हँडलाचा स्वभाव पालटतो आणि मधला स्टँडही अधांतरीं राहतो.

बाजारांत तांबड्या-पिवळ्या स्प्रिंगांच्या जोड्या ढिगानें मिळतात. दुकानदाराला दोन प्रश्न विचारावे : ही स्प्रिंग किती किलोच्या माणसासाठीं, आणि तेल गेल्यावर ही नळी उघडून पुन्हां भरतां येते काय? उत्तर न देतां तो रंगाचीच तारीफ करूं लागला तर नमस्कार करून बाहेर पडावें. स्वीडनच्या ओहलिन्सपासून थायलंडच्या वायएसएसपर्यंत नांवाजलेले कारखाने आहेत; त्यांच्या किंमतींत जमीनअस्मानाचा फरक आहे. रोज चांगल्या रस्त्यानें चार मैलांवरच्या कचेरींत जाणाऱ्या गृहस्थाला यांतलें कांहींच नको. हवा, कडें आणि फोर्काचें तेल एवढ्यावर त्याचें भागेल.

पालकांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगावयाच्या आहेत. अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून मुलानें ही गाडी चालवूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें अशा अपराधाबद्दल पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. मोजमापाच्या वेळीं टेप धरावयाला मात्र वयाची अट नाहीं. दुसरी गोष्ट, त्याच कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपत्रकांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करूं देत नाहीं. म्हणून गाडी हमीच्या मुदतींत असेल तर जोडी बदलण्यापूर्वीं विक्रेत्याकडून व विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावें. आणि काढलेली मूळ जोडी भंगारांत न घालतां तेल पुसून, कागदांत गुंडाळून माळ्यावर ठेवावी. नवी जोडी दुरुस्तीला गेली कीं तीच उपयोगी पडते, आणि गाडी विकतांना गिऱ्हाईक ती हटकून मागतें.