कोणता गट भारी?

अमेरिकेत कॉलेज-कुस्तीचा हंगाम मार्चकडे सरकू लागला की एक वाद हटकून उकरला जातो. यंदा सगळ्यांत कठीण वजनगट कोणता? गट एकूण दहा. १२५ पौंडांपासून, म्हणजे जेमतेम ५७ किलोंपासून सुरुवात; मग १३३, १४१, १४९, १५७, १६५, १७४, १८४, १९७ आणि शेवटी एकदम २८५. कॉलेज-खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक गटात ३३ पैलवान उतरतात, तीन दिवस कुस्त्या चालतात आणि पहिल्या आठांना ‘ऑल-अमेरिकन’ हे बिरुद मिळतं. ही कुस्तीही त्यांची स्वतःची, ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइलहून वेगळी. प्रतिस्पर्ध्याला खाली दाबून धरलेल्या वेळेचाही इथे गुण मिळतो.

वाद घालायला माझी ना नाही. शौकिनांनी वाद नाही घालायचा तर कोणी? पण तो ज्या पुराव्यांवर घातला जातो, ते पुरावे तपासले की त्यातले बरेचसे पहिल्याच झटक्याला चीत होतात.

सर्वांत लाडका पुरावा म्हणजे बिरुदांची मोजदाद. अमुक गटात सात ऑल-अमेरिकन परत आलेत, तमुक गटात चारच. म्हणजे अमुक गट भारी. वरवर चोख दिसणारा हा हिशेब आतून पोकळ आहे. गेल्या वर्षी आठवा आलेला पैलवान आपण तगडा धरतो तो बिरुदामुळे. पण त्या आठव्या जागेची किंमत काय, हे गेल्या वर्षी तो गट किती तगडा होता यावर ठरतं. म्हणजे जे सिद्ध करायचं, तेच आधी गृहीत धरलं. भुसभुशीत गटातला आठवा आणि घनघोर गटातला आठवा, दोघांच्या नावापुढे शिक्का एकच. सांघिक गुणतक्ताही हा फरक मानत नाही. कुठल्याही गटातला विजेता संघाला स्थानाचे १६ गुण देतो, आठवा ३. तक्त्याचं एक वेळ ठीक आहे, त्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते. आपण मात्र त्या रेघेलाच ताकद समजून बसतो.

दुसरी तऱ्हा शितावरून भाताची परीक्षा करण्याची. विजेता पाहायचा आणि गटाचा निकाल लावायचा. भाताला ही परीक्षा चालते, कारण सगळी शितं एकाच आचेवर शिजलेली असतात. वजनगटाचं तसं नसतं. १२५ पौंडांचा गट घ्या. आयोवाच्या स्पेन्सर लीने तो २०१८, २०१९ आणि २०२१ मध्ये जिंकला (२०२०ची स्पर्धा कोविडने खाल्ली), आणि समोरच्यांची अक्षरशः धूळधाण करत जिंकला. तेव्हा लोक म्हणाले, गटात दम नाही, याला कोणी विचारणाराच नाही. २०२३च्या उपांत्य फेरीत पर्ड्यूच्या मॅट रामोसने लीला चीत केलं आणि ली कॉलेज-कुस्तीतून गेला. २०२४ मध्ये त्याच गटात ॲरिझोना स्टेटचा रिचर्ड फिगेरोआ नवव्या मानांकनावरून विजेता झाला. अव्वल मानांकित अंतिम फेरीतसुद्धा नव्हता. तेव्हा लोक काय म्हणाले? गटात दम नाही, कोणीही कोणालाही हरवतंय! एकटाच जिंकत राहिला तरी गट लेचापेचा आणि रोज नवा जिंकला तरी गट लेचापेचा. उलटसुलट कुठल्याही निकालातून एकच निष्कर्ष निघत असेल, तर तो निकालातून निघालेलाच नाही. तो आधीपासून खिशात होता. आणि ज्याच्या वर्चस्वामुळे गट हलका ठरवला, त्या लीने पुढे पॅरिसला ५७ किलोंत ऑलिंपिक रौप्य मिळवलं.

१२५च्या अस्थिरतेचं खरं कारण देहाशी निगडित आहे. १९९७च्या अखेरीस वजन उतरवण्याच्या नादात तीन कॉलेज पैलवानांचा जीव गेला. त्यानंतर नियम कडक झाले: शरीरातलं पाणी आणि चरबी तपासून प्रत्येकाचं किमान वजन ठरतं, आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरवता येत नाही. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा वाढत असतो. आज १२५ मध्ये बसतो, दोन वर्षांनी १३३ मध्येही मावत नाही. या गटात नवे चेहरे सतत येतात ते त्यामुळे. त्याचा अर्थ तिथे कुस्ती कच्ची आहे, असा होत नाही.

आता दुसरं टोक. जाडजूड गडी एकमेकांना रेटत उभे राहतात आणि २-१ वर कुस्ती संपते, अशी २८५च्या गटाची टवाळी जुनीच आहे. ओहायो स्टेटचा काइल स्नायडर २०१६, २०१७ आणि २०१८ मध्ये याच गटात जिंकला. शेवटची अंतिम कुस्ती मिशिगनच्या ॲडम कूनविरुद्ध, ३-२. गुण कमी म्हणून कुस्ती हलकी? स्नायडर त्याआधीच रिओत ऑलिंपिक विजेता झाला होता, तोही ९७ किलोंत. म्हणजे साधारण २१४ पौंड. त्याच्या देहाचा गटच कॉलेजात नाही! १९७ आणि २८५ यांच्यामध्ये ८८ पौंडांचं, चाळीस किलोंचं रान मोकळं सोडलंय. खालच्या गटांतलं अंतर आठ ते तेरा पौंडांचं. २८५च्या गटाबद्दल तक्रार करायची तर या खिंडाराबद्दल करा; पैलवानांबद्दल नको. २०२५ मध्ये याच गटाच्या अंतिम फेरीत टोकियोचा सुवर्णविजेता गेबल स्टीव्हसन ओक्लाहोमा स्टेटच्या वायट हेंड्रिक्सनकडून ५-४ असा हरला. शेवटच्या काही सेकंदांत पट निघाला. ही कुस्ती पाहून कोणी ‘रेटारेटी’ म्हणालं, तर त्याने कुस्ती पाहिलीच नाही.

आपण मराठी माणसं याच्या नेमकी उलटी चूक करतो. आपल्याकडे वजन म्हणजेच ताकद. महाराष्ट्र केसरीची गदा ८६ ते १२५ किलोंच्या खुल्या गटात दिली जाते. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले, १९५२ला हेलसिंकीत लढले ते ५७ किलोंखालच्या गटात. २०१९च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारा बीडचा राहुल आवारे ६१ किलोंचा. आजच्या नियमाने दोघांनाही गदेचा आखाडा वजनकाट्यावरच बंद झाला असता.

मधल्या गटांच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र सरसकट उडवून लावता येत नाही. कॉलेजच्या वयातल्या कसलेल्या मुलांची वजनं १५७ ते १८४ पौंडांभोवती दाटतात, म्हणून तिथे स्पर्धा अधिक, असं म्हणतात. पुरवठा जास्त, हे खरं. पण त्या पट्ट्यात गटही चार आहेत, त्यामुळे गर्दी वाटली जाते. शिवाय पुरवठ्यावरून सरासरी कळते, एखाद्या वर्षीचा गट नाही.

मग मोजायचं कसं? माझ्या मते दोन जागी पाहावं. पहिली जागा पराभूतांच्या बाजूला, जिथे उरलेल्यांतले चार जण हरून घरी जातात आणि जिंकणारे चौघे ऑल-अमेरिकन होतात. अमेरिकन शौकीन तिला ‘ब्लड राउंड’ म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे. इथे हरलेल्याने हंगामात, पुढे पदकाच्या मंचावर उभ्या राहिलेल्यांपैकी कोणाला हरवलं होतं का? चौघांपैकी तिघांनी हरवलं असेल तर तो गट खोल आहे, मग विजेता कोणीही असो. २०१३ मध्ये १६५च्या अंतिम फेरीत कॉर्नेलच्या काइल डेकने पेन स्टेटच्या डेव्हिड टेलरला ५-४ने हरवलं आणि चार वर्षांत चार वेगवेगळ्या गटांत चार विजेतेपदं पुरी केली. टेलर पुढे टोकियोचा सुवर्णविजेता झाला. कुस्ती अजरामर, पण तिच्यावरून तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतच्यांबद्दल काडीचीही माहिती मिळत नाही.

दुसरी जागा म्हणजे गट बदलणारे पैलवान. प्रशिक्षक शौकिनांइतके भाबडे नसतात. कुठल्या गटात वाट मोकळी आहे हे हेरूनच ते पैलवानाला वर-खाली सरकवतात. एका गटात अडलेला गडी शेजारच्या गटात गेल्यावर कुठवर पोचतो, यात दोन्ही गटांची तुलना आयती मिळते. तीही गादीवर, कागदावर नाही. देह भरतो, अनुभव वाढतो, हे सगळं त्यातून वजा करावं लागतं. तरी बिरुदांच्या मोजदादीपेक्षा हा पुरावा कितीतरी सरस.

या कसोटीवर अलीकडच्या वर्षांत मी २०२३चा १६५चा गट सर्वांत वर ठेवीन. त्यात तीन माजी विजेते होते, पण माझा दावा त्यावर उभा नाही. आयोवा स्टेटच्या डेव्हिड कारने त्या हंगामात मिझुरीच्या केगन ओटूलला दोनदा हरवलं. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत ओटूलने कारला ८-२ने धुतलं. पुढच्या वर्षी विजेता कार, आणि दोन वेळचा विजेता ओटूल तिसरा. मग ओटूल १७४ मध्ये चढला, आणि २०२५ मध्ये तिथली अंतिम कुस्ती ओक्लाहोमा स्टेटच्या डीन हमिटीकडून हरला. हा हमिटी २०२३ला विस्कॉन्सिनकडून १६५ मध्येच लढत होता, आणि तेव्हा त्याला अंतिम फेरीही गाठता आली नव्हती.